कैची कोणी सोडली

किसन, मेला तू ते बरं झालं. पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, नाहीतं पुढं हिंमत होणार नाही.

काल तुही तेरवी झाली. आपल्या मंडपवाल्याईनं शोकसभेसाठी मले दोन पानं लिहून मागितले होते. सातवी शिकलेला एकटा मीच ना आपल्यात! लिहिले बापा, उभं राहून वाचून दाखवले. लोकाईनं डोळे पुसले. एकानं तं मले छातीशी धरलं. त्या दोन पानात तू देव होता. हे जे आता लिहून राहिलो ते कोणाले वाचून दाखवायचं नाही, अन् यात तू देव नाही.

गोदामात बसलो आहे. दुपारची जेवणं झाले, गडी कनातीच्या गठ्ठ्याईवर आडवे झाले. समोर भिंतीवर तुहा फोटो लावला आहे त्याईनं. फोटोत तू हसून राहिला. तुले हसायले काय जाते?

सुरुवातीपासून सांगतो, कारण तुले गोष्टी बदलून सांगायची सवय होती. मी उमरेडचा, तू खाप्याचा. दोघाईच्याही घरी हातमाग, अन् दोघाईचेही माग बंद पडलेले. माह्या बापानं मागाचं लाकूड चुलीत घातलं त्या महिन्यात मी नागपूरले आलो. सरकारी क्वार्टर बांधून राहिले होते, तिथं घमेलं उचलायच्या रांगेत तू माह्या पुढं उभा होता. वळून माह्या हाताकडं पाह्यलं अन् म्हणला, "मागावरचा दिसतो गा तू. बोटं सांगते." मी म्हणलं, "मंग?" तू म्हणला, "मंग घमेलं काहून उचलतो बे? आपल्या बोटाईले गाठ मारता येते. चाल माह्यासंगं."

मिस्त्रीपाशी गेला अन् छाती काढून सांगतलं, आम्ही दोघं पहाड बांधतो. तोपर्यंत आपण पहाड कधी बांधला होता, सांग? इमारतीभोवती उंच चढायले बल्ल्याईचा जो सांगाडा उभा करतात, त्याच्याखालून गेलो होतो तेवढंच. पण तू बोलला तं मिस्त्रीले खरं वाटलं. तुहं बोलणंच तसं. संध्याकाळपर्यंत आपण खरंच बांधून दाखवला. काथ्याची दोरी भिजवून बांधायची, वाळली की आवळते, हे तू दुसऱ्या एका माणसाकडं चोरून पाहून शिकला. तुटलेला धागा जोडायची बोटं होती आपली, बल्ली जोडायले काय वेळ लागते! सहा वर्षं आपण नागपुरात पहाड बांधले. तीन मजले, चार मजले, एक पाण्याची टाकी. एकही माणूस आपल्या पहाडावरून पडला नाही. एकही.

अन् मंग तो मंडपवाला आला. त्याचे गडी ऐन वेळी पळून गेले होते अन् कस्तुरचंद पार्कावर त्याले एका सभेचं स्टेज उभं करायचं होतं. साइटवर येऊन खालून ओरडला, "उंच चढणारे कोणी आहे का बे?" मी वरून पाहून राहिलो होतो. तू तं माकडासारखा खाली उतरला. मिस्त्री मांगून शिव्या देत राहिला, तुले ऐकू येत नव्हतं. मले हाक मारली, "लक्ष्मण, उतर! आपले पाय आता गाऱ्यातून निघाले!"

निघाले, हे मान्य आहे. मी खोटं बोलत नाही, मी तुह्यासारखा नाही. तू उतरला नसता तं मी आजही कुठं रेती चाळत बसलो असतो, नाहीतं खोकून खोकून कधीचा गेलो असतो. तुह्यामुळं मले स्टेज दिसलं. सभा झाल्या, कव्वाल्या झाल्या, गणपतीतले ऑर्केस्ट्रा झाले, नाटकं झाले. ज्या लोकाईले मी चौकातल्या पोस्टरवर पाहे, ते माह्या हातच्या फळ्याईवर उभे राहून गाऊन राहिले होते. एका बाईनं गायच्या आधी वाकून स्टेजले हात लावला, कपाळाले लावला. मी विंगेत उभा होतो. मी म्हणलं, किसन, ती आपल्या कामाच्या पाया पडली गा! तू म्हणला, "आपल्या नाही बे, देवाच्या." पण तुहेही डोळे भरले होते. पाह्यलं मी.

नाटकवाले आपल्याले गारेवाले म्हणत. "अरे, त्या गारेवाल्यांना सांगा, हळू चाला." आपल्याले चहा वेगळ्या कपात. त्याईचे पडदे अन् भिंती बदलायले त्याईच्या माणसाईले मोठा वेळ लागे, प्रेक्षक शिट्ट्या मारत. तू एकदा पाह्यलं, दोनदा पाह्यलं, तिसऱ्या वेळी त्याईच्या मॅनेजरले म्हणला, "मले द्या." आपल्या साइटवरचे आठ गडी बोलावले. घमेलं हातोहात वर द्यायची जशी साखळी लावतो आपण, तशी साखळी लावली विंगेपासून स्टेजपर्यंत. कोणी जागचं हलायचं नाही, फक्त घ्यायचं अन् द्यायचं. "हं, घे. हं, घे." पडदा पडला तेव्हा दिवाणखाना होता, उघडला तेव्हा कोर्ट होतं. मॅनेजर तोंडात बोट घालून पाहत राहिला. त्या दिवशीपासून तुले 'किसनभाऊ' म्हणायले लागले, अन् चहा त्याईच्याच कपात. मले 'ए लक्ष्मण'च म्हणत. त्याचं मले वाईट वाटलं नाही तेव्हा. तुहा भाव वाढला तं आपलाच वाढला असं वाटे. मूर्ख होतो मी.

मंग तू तुही बहीण मले दिली. कमल. लग्नात मंडप आपणच बांधला, अन् त्या मंडपात मी नवरदेव होऊन खांबाच्या गाठी तपासत फिरून राहिलो होतो म्हणून तू सगळ्याईले हसवलं. तुहं तं लग्न झालंच नाही, तू केलंच नाही. रोज दोन्ही वेळ आमच्याच घरी जेवे. कमल आधी तुले वाढे, मंग मले. मी म्हणलं तं म्हणे, "तुमी घरचेच हाय ना." अन् तू घरचा नव्हता काय? पण तिचा जीव तुह्यावर. मायबाप लवकर गेले, तू तिले वाढवली, तिच्यासाठी तू दोन वर्षं उपाशी झोपला, हे ती मले लग्नाच्या पहिल्या महिन्यातच दहादा सांगून बसली होती. किसन खोटं बोलत नाही, किसन कोणाचं वाईट करत नाही. ठीक आहे. मलेही तेव्हा तसंच वाटत होतं.

आता नरखेडकडची गोष्ट. चूप बसून ऐक, मधात बोलू नको.

संत्र्याचा बार चांगला झाला म्हणून त्या गावच्या लोकाईनं ऑर्केस्ट्रा ठेवला होता, शाळेच्या मैदानात. आपल्या स्वतःच्या नावानं घेतलेलं ते पहिलं काम. त्या मंडपवाल्या सेठचा हात सोडून तू अन् मी. दोन दिवस आधीपासून आपण तिथं. स्टेज मी बांधलं, अन् लाइट लावायले दोन टावर, स्टेजच्या दोन बाजूले. प्रत्येक टावरले मी कैची मारली होती. दोन तिरप्या बल्ल्या, एकमेकीले छेद देऊन, पुढून अन् मांगून. कारण टावर म्हणजे पहाड नाही. पहाडाले इमारत धरून ठेवते. टावर आपला एकटा उभा राहते, त्याले कैचीच धरते. हे मी तुह्याकडूनच शिकलो होतो! पहिल्या सभेच्या वेळी तूच मले ओरडला होता, "इथं भिंत नाही बे, कैची मार!"

ऑर्केस्ट्रावाला दुपारी आला. त्यानं पाह्यलं अन् नाक मुरडलं. म्हणला, हे आडवंतिडवं लाकूड काय लावलं, पब्लिकले बाजा वाजवणारे दिसणार नाही, गावठी काम आहे. गावठी म्हणला तो, अन् तू लाल झाला. मी तेव्हा उजव्या टावरच्या वर होतो, दिवे बांधून राहिलो होतो. तू खाली आला. त्या टावरच्या मांगं शाळेची भिंत होती, नवी घातलेली, कंपाउंडची. तू तिले थाप मारली, कान लावला, अन् वर पाहून म्हणला, "लक्ष्मण, पुढची कैची सोडतो. टावर भिंतीले बांधून घेऊ."

मी म्हणलं, "सोडू नको. मी खाली येतो, मंग पाहू."

तू म्हणला, "पाच मिनिटाचं काम आहे. भिंत पक्की आहे."

"किसन, पहाड नाही हा!"

"मले शिकवतो काय बे?"

अन् तुह्या हातानं, मी वरून पाहून राहिलो होतो, तुह्या सोत्याच्या हातानं तू गाठ सोडली. दोन्ही बल्ल्या काढल्या, बाजूले ठेवल्या. टावर भिंतीले बांधला. सहा वर्षं भिंतीच्या भरवशावर काम केलेला माणूस तू, भिंत दिसली की तुह्या हाताले राहवलं नाही. अन् ती भिंत कशी होती? विटेवर वीट, मधात माती, वरून चुन्याचा हात. गारेवाले होतो ना आपण, किसन? दुसऱ्या कोण्या मंडपवाल्यानं भिंतीकडं पाह्यलंही नसतं. आपण भिंतीले कान लावला, अन् तुह्या कानानं दगा दिला. मी दुसऱ्या टोकाचा दिवा अडकवायले वाकलो, भार पुढं गेला, टावर कलला, अन् ती भिंत उपटून माह्यासंगं खाली आली.

माह्या डाव्या पायावर आली. बल्ली नाही, भिंत. आवाज मलेच ऐकू आला, पायाचा.

अन् मंग जे झालं ते सांगतो. माणसं धावत आले, सरपंच आला, ऑर्केस्ट्रावाला आला. धूळ अजून बसली नव्हती. मी जमिनीवर ओरडून राहिलो होतो. सरपंच ओरडला, "कोणाची चूक आहे ही?" तू माह्या डोक्याशी बसला होता, माहं डोकं तुह्या मांडीवर होतं. तुहा हात माह्या कपाळावर होता. अन् तू म्हणला, "यानं कैची मारली नाही साहेब. पहाडावरचा माणूस आहे, सवय नाही."

मांडीवर डोकं घेऊन म्हणला!

कैचीच्या दोन्ही बल्ल्या तिथंच पडल्या होत्या. कोणी पाह्यल्या नाही. त्या लाकडाच्या ढिगाऱ्यात कोणती बल्ली कुठली हे फक्त आपल्या दोघाईलेच माहीत होतं.

नागपूरच्या मेडिकल दवाखान्यात तू चाळीस दिवस माह्या खाटेशी राह्यला. हे मी विसरलो नाही. माहं भांडं तू उचललं, माह्या ढुंगणाखालचं फडकं तू धुतलं. सख्खा भाऊ करणार नाही ते केलं. अन् एका सकाळी कमल डबा आणायले गेली होती तेव्हा माहा हात धरून रडला. म्हणला, "मी म्हणलं असतं का मी सोडली, तं आपलं नाव पहिल्याच कामात मेलं असतं. तुह्यावर आलं तं काय होते, तू मजूर माणूस, तुले कोण विचारते? माह्यावर आलं तं दोघंही गेलो. दोन वर्षं चूप राह्य लक्ष्मण. बस्तान बसू दे. मंग मी सोता सांगतो. कमलले सांगतो, सगळ्या गड्याईसमोर सांगतो. मायची आण."

मी हो म्हणलं. पाय तं गेलाच होता, मी म्हणलं नावही घे.

पाय राह्यला म्हणजे लाकूड राह्यलं. गुडघा वळत नाही. वर चढणं संपलं. ज्या माणसाले चार मजल्यावर वाऱ्यात उभं राहिलं की बरं वाटे, त्याले तू गोदामात स्टूल दिलं. कनाती मोज, दोऱ्या मोज, कप मोज. अन् तू हळूहळू मोठा झाला. नागपुरात मोठा कार्यक्रम म्हणलं की किसनभाऊ. पांढरा सदरा, खिशाले पेन, लिहिता येत नव्हतं तरी पेन. मुंबईचे कलाकार उतरले की पहिले विचारत, किसनभाऊ आहे ना? मंग काळजी नाही.

दोन वर्षं झाले. मी म्हणलं, "किसन, ते सांगायचं होतं." तू म्हणला, "हा सीझन जाऊ दे." सीझन गेला. दुसरा गेला. पाचव्या वर्षी मी पुन्हा काढलं तं तुहा आवाज चढला. "तुले काय कमी केलं बे मी? घर दिलं, काम दिलं, बहीण दिली. अजून काय पाहिजे?" मी म्हणलं, एक वाक्य पाहिजे. तू म्हणला, "आता सांगून कोणाचं भलं होणार आहे?" अन् कमल स्वयंपाकातून म्हणली, "कायची भांडाभांडी चालू आहे वं माय?" तू लगेच म्हणला, "काही नाही. जवाईले चहा पाहिजे."

ते ठीक होतं. चूप राहायची मले सवय झाली असती. पण तू चूप कुठं राह्यला?

नवीन माणूस कामाले लागला की तुहा पहिला पाठ ठरलेला. त्याले गोदामात आणे, माह्या स्टुलापुढं उभं करे, अन् म्हणे, "जवाई, पायजमा वर कर." मी वर करो. "पाह्य," म्हणे, "हा पाय पाह्य. कैची मारली नाही त्याचा पाय असा होते. हुशार माणूस होता हा, माह्यापेक्षा हुशार. पण भिंत दिसली अन् भिंतीच्या भरवशावर राह्यला. स्टेजले भिंत नसते. समजलं?" तो माणूस माह्या पायाकडं पाहे. मंग माह्या तोंडाकडं पाहे. कोणी हसे, कोणी च्च च्च करे. मी पायजमा खाली करो अन् त्याच्या नावावर दोरी लिहून देओ. किती वेळा, किसन? मी मोजायचं सोडून दिलं.

अन् गोष्ट वाढत गेली. आधी एवढंच होतं की कैची मारली नाही. मंग तू म्हणायले लागला, "मी दोनदा सांगतलं होतं त्याले." मंग, "मी हात जोडले होते." मंग कुठून तरी संत्रं आलं. "वर बसून संत्रं खाऊन राहिला होता लेकाचा!" लोक हसत. मलेही एकदा हसू आलं, एवढं तू ते छान सांगे. त्या दिवशी घरी जाऊन मी कितीतरी वेळ बसलो, खरंच मी संत्रं खाल्लं होतं का म्हणून. नव्हतं खाल्लं. माह्या दोन्ही हातात दिव्याची तार होती.

पण एक मले कबूल करावं लागते, अन् हेच सगळ्यात जास्त झोंबते. तुह्या त्या पाठानंतर आपला एकही टावर पडला नाही. इतक्या वर्षात एकही. गडी कैची मारायले विसरत नव्हते, माहा पाय त्याईच्या डोळ्यासमोर राहे. तुह्या खोट्यानं किती जणाईचे पाय वाचले कोण जाणे. तू खरं सांगतलं असतं तं एवढे वाचले असते का? किसनभाऊची चूक म्हणलं असतं तं कोणी ऐकलं असतं का? मी याचं उत्तर अजून काढू शकलो नाही, अन् तू आता भांडायलेही नाही.

कमलले मी सांगतलं नाही असं समजू नको. सांगतलं. आठव्या वर्षी, एका दुपारी, कांदे चिरून राहिली होती ती. सगळं सांगतलं, तू गाठ कशी सोडली, काय म्हणला, माह्या डोक्याशी बसून काय म्हणला. तिनं सुरी खाली ठेवली. म्हणली, "तुमाले लाज नाही वाटत? ज्यानं तुमचं हागणं-मुतणं काढलं त्याच्यावर घालून राहिले?" चार दिवस बोलली नाही माह्याशी. अन् तुले त्या चार दिवसात दोन्ही वेळ गोड जेवायले. तुले समजलंही नाही काहून.

मंग मी ठरवलं, की हे तुह्याच तोंडून निघालं पाहिजे, अन् तिच्यासमोर निघालं पाहिजे. बाकी दुनियेचं मी सोडून दिलं. गडी, नाटकवाले, सरपंच, कोणी नको. एकटी कमल. माह्या घरात मी खोटारडा म्हणून जेवतो, ते एवढं मिटलं तं बाकी पाय गेला तं गेला.

तुही छाती भरली अन् तुले धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केलं तेव्हा, देवाची शपथ, मले आधी दुःख झालं अन् लगेच मांगून दुसरं वाटलं. आता तू सांगशील. मरताना माणूस सांगते. नऊ दिवस मी त्या खाटेशी बसलो. शेजारच्या खाटाईवर यवतमाळचे, गोंदियाचे लोक, त्याईचे नातेवाईक जमिनीवर डबे उघडून बसलेले. तू बोलत होता, दम लागला तरी बोलत होता. रामनवमीच्या शोभायात्रेत कोणता रथ कोणाले द्यायचा, कोणत्या गड्याले उंचावर पाठवायचं नाही, कोणत्या कनातीले ठिगळ पाहिजे. सगळं सांगतलं. तेवढं सोडून.

दहाव्या दिवशी दुपारी कमल तुले मोसंब्याचा रस चमच्यानं पाजून राहिली होती. डॉक्टरनं मले बाहेर बोलावून सांगतलं होतं. मी आत आलो अन् स्टूल ओढून बसलो.

"किसन," मी म्हणलं, "ते नरखेडकडचं."

"कोणतं?"

"टावरचं."

तू हसला. "काय आठवलं बे तुले आता!"

"कमल आहे इथं. मायची आण घेतली होती तू. आता सांग."

"काय सांगू?"

"कैची कोणी सोडली?"

कमलनं चमचा थांबवला. माह्याकडं पाह्यलं, अशा नजरेनं की जसा मी तुह्या खाटेले पायच लावला. मी तिच्याकडं पाह्यलं नाही. मी तुह्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो. तुले मी पंचवीस वर्षं ओळखतो. तू खोटं बोलला की आवाज चढवते अन् दुसरीकडं पाहते. तू आवाज चढवला नाही. तू सरळ माह्या डोळ्यात पाह्यलं, अन् तुह्या तोंडावर काही नव्हतं. थोडं आश्चर्य होतं, अन् माया होती.

"तू मारलीच कुठं होती गा," तू म्हणला. "सोडायची कुठून?"

"किसन, नीट आठव. मी वर होतो. तू भिंतीले कान लावला."

तू खरंच आठवलं. डोळे मिटून आठवलं, मी पाह्यलं. कपाळाले आठ्या पडल्या. अन् डोळे उघडले तं त्यात तेच. तुले काही सापडलं नाही तिथं. इतके वर्षं तू ती गोष्ट इतक्या माणसाईले सांगतली की खरी गोष्ट तुह्या डोक्यातून निघून गेली. तिच्या जागी मी होतो, संत्रं खाऊन राहिलेला.

"लक्ष्मण," तू माह्या हातावर हात ठेवला. हात गरम होता. "अजून मनाले लावून घेतलं काय बे ते? मी तं कवाचंच सोडून दिलं. चूक कोणाच्या हातून होत नाही? मी माफ केलं तुले. माह्या मनात काही नाही, पाह्य."

कमल रडायले लागली. पदर तोंडाले लावून रडली. म्हणली, "पाह्यलं? पाह्यलं माह्या भावाचं मन केवढं?" मंग मले म्हणली, "आतातरी कबूल करा. एवढा जाऊन राहिला तो."

मी दोघाईकडं पाह्यलं. मी नाही म्हणलं असतं तं तू मले खोटारडा समजून गेला असता. हो म्हणलं तं निवांत जाणार होता. तुह्यासाठी एवढं करणारा दुसरा कोणी होता का त्या खोलीत?

मी म्हणलं, "हो गा. मीच."

"पाया पडा त्याच्या," कमल म्हणली. माहा गुडघा वळत नाही हे तिले माहीत आहे. खाटेची पट्टी धरून मी वाकलो, जेवढं जमलं तेवढं, अन् तुह्या पायाले हात लावला. तू माह्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेला.

तू खोटं बोलला असता ना किसन, शेवटपर्यंत आवाज चढवून, दुसरीकडं पाहून, तं मी तुले माफ केलं असतं. मी ते ठरवूनच आलो होतो. माफ करायले आलो होतो मी! अन् तू माह्या आधी करून बसला. आता मी कोणाले माफ करू? माह्यापाशी कोणी राह्यलंच नाही, ज्यानं ते केलं.

कमल तेव्हापासून माह्याशी चांगली वागून राहिली. आधी मले वाढते. आज सकाळी भाकर वाढता वाढता म्हणली, "बरं झालं तुमी कबूल केलं. भाऊ मन मोकळं करून गेला." मी म्हणलं, "हो," अन् जेवलो.